चौसष्ट खेळाडू, आठ सेटअप: डबल एलिमिनेशन स्पर्धेला किती वेळ लागतो हे कसं काढायचं

"हॉल किती वाजेपर्यंत लागेल?" फायटिंग गेमची स्पर्धा पहिल्यांदाच भरवणाऱ्याला सगळ्यात आधी हा प्रश्न पडतो, आणि बहुतेक जण "सहा-सात वाजतील" असं अंदाजाने सांगून मोकळे होतात. मीही तेच सांगितलं होतं. पुण्यातल्या एका कॉलेजचा हॉल, टेक्कनचे ४० खेळाडू, ५ सेटअप (एक कन्सोल आणि एक मॉनिटर म्हणजे एक सेटअप), दुपारी ३ ला सुरुवात. एकूण ७८ मॅच, प्रत्येकी १० मिनिटं, भागिले ५. झाले दोन तास छत्तीस मिनिटं. सहाच्या आत आटपतंय असं मी धरून चाललो होतो.

साडेसातला वॉचमनकाका किल्ल्या घेऊन दारात येऊन उभे राहिले तेव्हा चार खेळाडू शिल्लक होते. फायनल झालीच नाही. साताऱ्याहून एसटीने आलेला एक मुलगा दुसऱ्याच फेरीत हरून नंतर एकेक मॅच काढत शेवटच्या चारांत पोहोचला होता. बक्षीस चौघांत वाटून देतो, असं मी त्याला सांगितलं. "ठीक आहे दादा," म्हणाला आणि कंट्रोलरची वायर गुंडाळायला लागला. कोणी दिवसभर खेळून इथवर येतं आणि त्याला शेवटची मॅच मिळत नाही, हे पुन्हा होऊ द्यायचं नाही म्हणून मी हा हिशोब नीट शिकलो. तोच इथे मांडतो.

आधी मॅच मोजा

साधी बाद पद्धत आपण शाळेच्या कबड्डी-खोखोपासून ओळखतो: हरला तो घरी. डबल एलिमिनेशनमध्ये पहिल्यांदा हरलात की लूजर्स ब्रॅकेटमध्ये (ब्रॅकेट म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता) जाता, दुसऱ्यांदा हरलात की बाहेर. विनर्स ब्रॅकेटमधून एकही मॅच न हरता आलेला आणि लूजर्समधून एक हार घेऊन आलेला, असे दोघे ग्रँड फायनलला भेटतात. तिथे लूजर्सवाला जिंकला तर दोघांच्या खात्यावर एकेक हार होते आणि आणखी एक मॅच होते. तिला रीसेट म्हणतात.

यातून मॅचचा आकडा बोटांवर निघतो. प्रत्येक मॅचमध्ये एक जण हरतो. विजेता सोडून प्रत्येकाला दोनदा हरायचं आहे. म्हणजे ६४ खेळाडू असतील तर ६३ गुणिले २, एकूण १२६ मॅच. रीसेट झाला तर १२७. खेळाडू कितीही असोत, त्यातून एक वजा करायचा आणि दुप्पट करायची.

खेळाडू नेमके ३२ किंवा ६४ नसले तरी हे सूत्र बदलत नाही. ५० जण आले तर ब्रॅकेट ६४ चाच होतो, १४ जणांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते, पहिल्या फेरीत १८ मॅच होतात आणि एकूण मॅच ९८ भरतात.

एका मॅचला खरोखर किती वेळ लागतो

इथे गेमचे नियम माहीत हवेत. टेक्कन ८ मध्ये राउंड ६० सेकंदांचा, तीन राउंड जिंकले की एक गेम, आणि स्पर्धेत बहुधा दोन गेम जिंकले की मॅच. घड्याळ प्रत्येक वेळी शेवटपर्यंत गेलं तर १५ राउंड, म्हणजे १५ मिनिटं नुसता खेळ. स्ट्रीट फायटर ६ मध्ये राउंड ९९ सेकंदांचा, दोन राउंड जिंकले की गेम, दोन गेम जिंकले की मॅच. तिथेही कमाल पंधरा मिनिटांच्या आसपासच येते. स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटचा मामला वेगळा आहे. तीन स्टॉक (म्हणजे तीन जीव) आणि सात मिनिटांची मर्यादा असा नियम सर्रास असतो, त्यामुळे जास्तीत जास्त तीन गेमची मॅच २१ मिनिटांपर्यंत आणि पाच गेमची ३५ मिनिटांपर्यंत जाऊ शकते. शिवाय प्रत्येक गेमआधी स्टेज, म्हणजे गेममधलं लढतीचं मैदान, ठरवायचे. टेक्कनचा अनुभव घेऊन स्मॅशचं वेळापत्रक आखायला जाऊ नका.

बहुतेक राउंड घड्याळ संपायच्या खूप आधी निकालात निघतात, म्हणून कमाल वेळ धरायची गरज नाही. सरासरी काढा, पण ती स्वतः काढा. तुमचं मंडळ आठवड्याला जमत असेल तर मोबाइलचं स्टॉपवॉच लावून दहा मॅच मोजा. घड्याळ मात्र खेळ सुरू झाल्यावर लावायचं नाही. एका मॅचसाठी नावं पुकारली तिथपासून त्याच सेटअपवर पुढची नावं पुकारली जाईपर्यंतचा वेळ मोजायचा. याला मी पाळी म्हणतो, आणि पुढचा सगळा हिशोब पाळीवर चालतो.

त्या पाळीत काय काय घडतं ते एकदा शेजारी उभं राहून बघा. नाव पुकारलं. एक जण जागेवर आहे, दुसरा चहाला गेलाय, मित्र फोन करतोय. तो आला. बॅगेतून स्टिक काढली, वायर टेबलामागून घेऊन कन्सोलच्या पुढच्या पोर्टला लावली. आधीच्या खेळाडूचा वायरलेस कंट्रोलर अजून कन्सोलशी जोडलेलाच आहे. त्याने तिकडे पाठीमागे बसून चुकून बटण दाबलं की इकडे चालू गेम थांबतो, म्हणून तो आधी सेटिंगमध्ये जाऊन काढला. मग बटणं लावली, मग बटणं तपासायला एक राउंड. कोण कुठल्या बाजूला बसणार यावर दोन वाक्यं. मॅच संपल्यावर हात मिळवले, बोलत बसले, आणि निकाल सांगायला टेबलाशी कोणी आलंच नाही. यात चार मिनिटं सहज जातात. टेक्कन ८ साठी मी खेळाचे ८ आणि मधले ४ असे १२ मिनिटं धरतो. सरावलेले लोक आणि निकाल घ्यायला वेगळा माणूस असेल तर स्ट्रीट फायटर ६ ची पाळी ८ मिनिटांत बसते.

भागाकार कुठे फसतो

६४ खेळाडू, ८ सेटअप, १२ मिनिटांची पाळी. १२६ गुणिले १२ भागिले ८ म्हणजे १८९ मिनिटं, तीन तास नऊ मिनिटं. हे उत्तर खरं ठरायला आठही सेटअप पहिल्या मिनिटापासून ग्रँड फायनलपर्यंत चालू राहायला हवेत. ते शक्यच नाही, कारण शेवटी शेवटी खेळायला माणसंच दोन-चार उरतात.

तवे वाढवले तर पोळ्या भराभर होतात, पण कणीक मुरायला लागणारा वेळ तवे वाढवून कमी होत नाही. इथली कणीक म्हणजे लूजर्स ब्रॅकेट. ६४ च्या स्पर्धेत विनर्सच्या ६ फेऱ्या असतात आणि लूजर्सच्या १०. लूजर्समध्ये एका फेरीत तिथलेच आपसात खेळतात, पुढच्या फेरीत विनर्समधून हरून खाली आलेले त्यांना भेटतात, पुन्हा आपसात, पुन्हा नवे. म्हणून फेऱ्या जवळजवळ दुप्पट. विनर्सची पहिली फेरी, मग लूजर्सच्या दहा, मग ग्रँड फायनल अशा बारा पाळ्या एकामागून एकच होऊ शकतात. हॉलमध्ये शंभर कन्सोल ठेवले तरी १२ गुणिले १२, म्हणजे १४४ मिनिटांच्या खाली तुम्ही जाणार नाही.

खेळाडू दुप्पट झाले तर ही साखळी फक्त दोन पाळ्यांनी वाढते. १२८ ला १४, १०२४ ला २०. मोठ्या स्पर्धा शक्य होतात त्या याच गुणामुळे.

फेरीगणिक मांडणी

आता कागद घ्या आणि पाळ्या लिहा. ८ सेटअप आहेत, म्हणजे एका पाळीत ८ मॅच. दोन्ही ब्रॅकेट समांतर चालतात हे लक्षात ठेवायचं.

- विनर्स पहिली फेरी, ३२ मॅच: ४ पाळ्या
- विनर्स दुसरी १६ आणि लूजर्स पहिली १६: ४ पाळ्या
- लूजर्स दुसरी १६ आणि विनर्स तिसरी ८: ३ पाळ्या
- लूजर्स तिसरी, ८ मॅच: १ पाळी
- लूजर्स चौथी, ८ मॅच: १ पाळी
- लूजर्स पाचवी ४ आणि विनर्स चौथी ४: १ पाळी
- लूजर्स सहावी, ४ मॅच: १ पाळी

इथपर्यंत १५ पाळ्या आणि ११६ मॅच झाल्या, आठ खेळाडू उरले. वेळ १८० मिनिटं. पुढच्या १० मॅचही १२ मिनिटांच्याच धरून ओळीने मांडल्या तर आणखी ५ पाळ्या, एकूण २०, म्हणजे चार तास. भागाकाराने तीन तास नऊ मिनिटं सांगितली होती. मधली ५१ मिनिटं ही रिकाम्या पडलेल्या सेटअपची आहेत.

शेवटच्या आठांची गोष्ट मात्र इतक्यावर भागत नाही. टॉप ८ सगळ्यांना बघायचे असतात. प्रोजेक्टर एक, स्ट्रीम एक, म्हणून मॅच एकेक करून खेळवल्या जातात, आणि त्याही तीन गेम जिंकायच्या, म्हणजे जास्तीत जास्त पाच गेमच्या. तिथे मी १६ मिनिटांची पाळी धरतो. १० मॅच गुणिले १६ म्हणजे १६० मिनिटं, रीसेट झाला तर १७६. आधीच्या ५६ जणांना बाद करायला तीन तास आणि उरलेल्या आठांतून एक निवडायलाही जवळपास तेवढेच! नवीन आयोजकाला हे पटत नाही. माझ्या कॉलेजच्या स्पर्धेत घात झाला तो नेमका इथेच.

वेळ कमी असेल तर स्टेजवर टॉप ६ आणा. मग तिथे फक्त ६ मॅच उरतात. विनर्सच्या दोन उपांत्य आणि लूजर्स सातवीच्या दोन अशा चार मॅच बाजूच्या सेटअपवर एकाच पाळीत उरकतात. ४८ मिनिटं वाचतात आणि बघणाऱ्यांचं फारसं काही हुकत नाही.

एक गोष्ट मात्र घाईतही कापू नका. लूजर्स फायनल जिंकणारा लगेच ग्रँड फायनलला बसतो, समोरचा तोपर्यंत विश्रांती घेऊन ताजातवाना असतो. इव्हो ही फायटिंग गेमची मोठी वार्षिक स्पर्धा. तिच्यात २००४ साली स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइकची लूजर्स फायनल जस्टिन वाँग आणि दाइगो उमेहारा यांच्यात झाली. प्राणाची जेमतेम एक रेघ उरलेली असताना दाइगोने वाँगच्या चुन-लीचा अख्खा सुपर (खास जोरदार हल्ला) लागोपाठ पॅरी केला, म्हणजे एकेक फटका अचूक वेळी परतवला, आणि उलटून जिंकला. फायटिंग गेम खेळणाऱ्या माणसाने तो व्हिडिओ बघितला नाही असं होत नाही. पण त्यानंतरच्या ग्रँड फायनलमध्ये दाइगो हरला आणि स्पर्धा केंजी ओबाताने जिंकली, हे फार थोड्यांना आठवतं. लूजर्समधून येणाऱ्याला पाणी प्यायला, हात मोकळे करायला पाच मिनिटं द्या आणि ती वेळापत्रकात लिहा.

सेटअप वाढवू की मधला वेळ कमी करू?

टॉप ८ पर्यंतचेच आकडे घेऊ. ८ सेटअपवर १८० मिनिटं. १६ वर तीच मांडणी पुन्हा केली की १० पाळ्या, १२० मिनिटं. ३२ वर ७ पाळ्या, ८४ मिनिटं. म्हणजे पहिल्या आठ जादा सेटअपनी एक तास वाचवला, पुढच्या सोळांनी छत्तीस मिनिटं. आठ कन्सोल, आठ मॉनिटर, एक्स्टेन्शन बोर्ड आणि टेबलं जमवणं काय असतं हे ज्याने केलंय त्याला ठाऊक आहे.

उलट मधला वेळ चारवरून दोन मिनिटांवर आणला तर १५ पाळ्यांत अर्धा तास हाती लागतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत. एक माणूस फक्त पुकारायला ठेवा. चालू मॅचच्या वेळीच त्या सेटअपवरची पुढची जोडी मागे आणून उभी करा. निकाल जिंकणाऱ्याने येऊन सांगायचा, नाही तर त्याची पुढची मॅच लागणार नाही, हे सकाळीच जाहीर करा. पुकारल्यावर पाच मिनिटांत आला नाही तर एक गेम गेला, दहा मिनिटांत नाही तर मॅच गेली, हा नियम ठेवा आणि ओळखीच्या पोरालाही तोच लावा. मी त्या दिवशी एका मित्रासाठी अठरा मिनिटं थांबलो होतो. त्याच्या एका मॅचमागे लूजर्समधल्या तीन मॅच अडकल्या. माझं मत विचाराल तर आधी हे सगळं करा, कन्सोल मागायला नंतर जा.

दोन गेमच्या स्पर्धा एकाच दिवशी असतील तर दोन्हीत नाव दिलेले खेळाडू शोधून ठेवा. असा एकच माणूस दोन्हीकडचे ब्रॅकेट अडवतो. सुरुवातीच्या वेळांत दीड-दोन तासांचं अंतर ठेवलं की हा ताण बराच उतरतो.

खेळाडू शेकड्यांनी असतील तर

२०२३ च्या इव्होमध्ये, लास व्हेगासच्या मँडले बे इथे, स्ट्रीट फायटर ६ साठी ७,०६१ खेळाडू उतरले होते. सूत्राप्रमाणे १४,१२० मॅच. आठ मिनिटांच्या पाळीने एकाच कन्सोलवर खेळवायच्या म्हटल्या तर न थांबता ७८ दिवस लागतील. दुसरं टोक बघा: कन्सोल हवे तेवढे असतील तर साखळी फक्त २६ पाळ्यांची, साडेतीन तासांत खेळ खलास. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलमध्ये सुमारे ४० जणांनी सुरू केलेली ही स्पर्धा, पण २०२३ मध्ये तिने एवढा पसारा तीन दिवसांत उरकला. त्यामागची युक्ती म्हणजे पूल.

पूल म्हणजे छोटा ब्रॅकेट. समजा १६ जणांचा एक पूल. त्यातून विनर्सच्या वाटेने एक आणि लूजर्सच्या वाटेने एक असे दोघे पुढे जाणार. बाद होणाऱ्या १४ जणांच्या २८ हारी आणि पुढे गेलेल्या लूजर्सवाल्याची एक, अशा २९ मॅच. दोन सेटअपवर मांडल्या तर १५ पाळ्या होतात, आणि आठ मिनिटांच्या पाळीने बरोबर दोन तास. १२ मिनिटांची पाळी असेल तर तीन.

७,०६१ जणांचे असे ४४२ पूल पडतात. समजा १२० कन्सोलवर ६० पूल एका वेळी चालवले तर आठ खेपा, १६ तास. त्यातून ८८४ जण उरतात आणि पुढच्या टप्प्याचे ५६ पूल एकाच खेपेत बसतात. तिथे निम्मे लोक आधीच एक हार घेऊन आलेले असल्यामुळे मॅचही कमी होतात.

यात खेळाडूंचीही सोय आहे. दुपारी २ ते ४ तुमचा पूल, असं सांगितलं की माणूस त्या वेळेला येतो, बाकी दिवस त्याचा. एका पुलात गडबड झाली तर ती त्या पुलापुरती राहते. माझ्या मते ९६ खेळाडूंच्या पुढे पूलशिवाय जाऊच नये.

आता घड्याळ लावा

६४ जणांचा टेक्कन ८ चा दिवस असा बसतो. १० ते १०:४५ चेक-इन. न आलेल्यांची नावं काढून ब्रॅकेट पक्का करायला पंधरा मिनिटं. पहिली मॅच ११ ला. टॉप ८ ठरतील २ वाजता. चाळीस मिनिटं जेवण. २:४० ला टॉप ८, रीसेट धरून संपणार ५:३६ ला. सकाळच्या तीन तासांवर मी पंधरा टक्के जादा धरतो, म्हणजे २७ मिनिटं. लूजर्सवाल्याची पाच मिनिटं मिळवली की सहा वाजून गेले. बक्षीस, फोटो, वायरी गुंडाळणं यात पाऊण तास. हॉल सांगायचा तो सकाळी ९ ते रात्री ८, आणि पैसेही तेवढ्या वेळाचेच धरायचे.

हे टप्पे मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून टेबलाला चिकटवा: विनर्स पहिली फेरी ११:४८ ला संपली पाहिजे, विनर्स दुसरी आणि लूजर्स पहिली १२:३६ ला, लूजर्स दुसरी १:१२ ला. १२:३६ ला या फेऱ्यांच्या आठ मॅच बाकी असतील तर तुम्ही एक पाळी, बारा मिनिटं मागे आहात. १:१२ ला अर्ध्या तासाहून जास्त मागे असाल तर टॉप ८ चे टॉप ६ करा. तशी शक्यता आहे हे सकाळी सगळ्यांसमोर सांगून ठेवायचं. पाच गेमच्या मॅच ऐनवेळी तीनवर आणणं मला मान्य नाही. अर्ध्यांनी एका नियमाने आणि अर्ध्यांनी दुसऱ्या नियमाने खेळायचं, हा अन्याय आहे.

मॅच पुकारताना सेटअप मोकळा झाला आणि दोन्हीकडच्या जोड्या तयार असतील तर लूजर्सची आधी लावा. साखळी तिची आहे, विनर्सला सवड आहे. अपवाद एकच: लूजर्सची पुढची फेरी विनर्समधून हरून येणाऱ्यासाठी थांबली असेल तर ती विनर्सची मॅच आधी.

आणि पहिल्याच स्पर्धेपासून प्रत्येक फेरी खरोखर किती वाजता संपली ते त्याच कागदावर, ठरवलेल्या वेळेशेजारी लिहीत जा. पुढच्या वेळी १२ मिनिटं धरायची की १४, ते त्या कागदावरून ठरवा.